दिवाणखान्यांतील समुद्र

आमचा एक जुना विद्यार्थी हल्लीं विरारास राहतो. मध्यंतरीं तो वसईस आमच्या घरीं आला, आणि बोलतां बोलतां त्यानें एक कागद पुढें केला. दिवाणखान्यांत खाऱ्या पाण्याचें लहानसें मत्स्यालय मांडावें अशी त्याच्या मुलीची हौस. त्यांत कोणकोणते जीव हवे तें तिनें कागदावर लिहून दिलें होतें. "सर, तुम्हीं हें पूर्वीं केलेलें आहे, काय काय घ्यावें तें सांगा," असें तो म्हणाला. आम्हीं तें केलें होतें हें खरें; तें कसें संपलें हें मात्र त्याला ठाऊक नव्हतें.

प्रश्न वरवर खरेदीचा दिसतो. परंतु समुद्रांतील प्राणी घरांत आणणें म्हणजे समुद्राचीं सर्व कामें आपल्या शिरावर घेणें होय. लाटांचें काम पंपानें करावयाचें, सूर्याचें दिव्यानें. आणि यांतील एकही काम रजा घेऊं देत नाहीं. तेव्हां काय आवडतें यापूर्वीं आपल्याच्यानें काय निभेल हें पाहिलें पाहिजे.

साध्या मिठाचीच गोष्ट घ्या. आमच्या भोंवतीं मिठागरें आहेत. तरी मत्स्यालयाचें मीठ बाहेरून पिशवीबंद आणावें लागतें. मिठागरांत पाणी आटतांना चुन्याचा अंश आधींच तळाशीं बसतो, मागाहून खाण्याचें मीठ जमतें, आणि मॅग्नेशियम बव्हंशीं कडवट पाण्याबरोबर निघून जातें. म्हणजे प्रवाळाला जें हवें तेंच मिठांत उरत नाहीं. बरें, अर्नाळ्याहून घागर भरून आणावी, तर तें पाणी गढूळ आणि पावसाळ्यांत निमखारें. म्हणून शुद्ध केलेल्या पाण्यांत तयार मिश्रण घालून क्षारांचें प्रमाण हजार भागांस 35 च्या आसपास राखावें लागतें. त्यावर मलशोधक जंतू वाढेपर्यंत चार-सहा आठवडे टांकींत मासा सोडतां येत नाहीं. लहान टांकी सोपी, हा समजही उलटा आहे. पाणी थोडें असलें कीं लहानसा बिघाडही जिवावर बेततो.

आमची टांकी 50 लिटरांची होती. मे महिन्यांत आम्ही एका लग्नास गेलों असतां रात्रीं वीज गेली ती सकाळपर्यंत आली नाहीं. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप थोडक्या पैशांत मिळत होता. परंतु झगझगीत दिवा घेतांना आमचा हात आंखडला नव्हता, तो पंपापाशीं आंखडला. परत आलों तेव्हां एकही मासा जिवंत नव्हता. दोष विजेचा नव्हता.

फिलिप हेन्री गॉस यांच्या 1854 सालच्या 'दि ॲक्वेरियम' या पुस्तकानें इंग्लंडांत घरोघर समुद्र मांडण्याच्या वेडास मोठा हातभार लावला. पुढें त्यांचे पुत्र एडमंड यांनीं 1907 सालीं 'फादर अँड सन'मध्यें लिहिलें कीं, हौशी संग्राहकांनीं किनाऱ्यावरील खडकांतलीं जिवंत कुंडें उजाड करून टाकलीं. गॉस यांची समुद्रावरची भक्ति खोटी नव्हती, हेंच त्यांतलें दुःख.

मग हा नादच नको, असें आमचे एक स्नेही म्हणतात. आम्हांस तें पटत नाहीं. आमच्या मुलांना मासा ठाऊक असतो तो बोंबील-पापलेटांच्या वाट्यांत; जिवंत मासा पाण्यांत कसा वागतो हें त्यांनीं कोठें पाहावें?

आम्हीं कागद घेतला आणि काट मारूं लागलों. खडक बांधणारे प्रवाळ आणि समुद्रघोडे 2001 सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत आहेत, ते गेले. निळा सर्जन मासा वाढून फूटभर होतो, तोही गेला. विदूषक मासा राहिला. त्याला टांकींत समुद्रफुलावांचूनही राहतां येतें, आणि त्याची पैदास आतां टांक्यांतच होते. मात्र विकत घेतांना तो टांकींत जन्मला कीं समुद्रांतून धरून आणला, हें विचारलेंच पाहिजे. अशी जोडी, भाजलेल्या मातीचे सच्छिद्र दगड, 100 लिटरांहून मोठी टांकी, आणि सर्वांआधीं बॅटरीचा पंप, असें आम्हीं लिहून दिलें.

नीट सांभाळला तर हा मासा वीस वर्षेंही जगतो, असें सांगितल्यावर तो गप्प झाला. मुलगी आज अकरा वर्षांची आहे. ती शिकावयास परगांवीं गेली तर पाणी कोण बदलणार, हें त्याच्या मनांत आलें असावें. "तें माझ्याकडे," असें तो थोड्या वेळानें म्हणाला. समुद्रघोड्यावर काट मारल्याबद्दल मुलगी मात्र आमच्यावर अजून रागावलेली आहे.