सही जुळत नाही

मी कॉमर्सचा पदवीधर. त्यामुळे कादंबरीकडेही मी खातेवहीच्या नजरेनं बघत आलो. आपण तीनशे पानं वाचायची, म्हणजे आपला वेळ नावे पडला. मग जमेच्या बाजूला निदान एक खून, दोन प्रेमभंग आणि झालंच तर एखादी लढाई तरी हवी. नाहीतर ताळेबंद जुळायचा कसा?

स्वतःच्या आयुष्याकडून मात्र माझी अशी अपेक्षा नव्हती. बावीस वर्षं बँकेत कारकून आहे. संध्याकाळी कॅश जुळली, म्हणजे आज काही घडलं नाही. बँकेत काही घडलं तर ते पेपरात येतं, आणि ज्याचं नाव पेपरात येतं तो मग बँकेत येत नाही.

एका दुसऱ्या शनिवारी आमच्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात गेलो होतो. हे वाचनालय १८४० सालचं. तिथं गेलं की आपण फारच अलीकडचे आहोत असं वाटून बरं वाटतं. तिथं एक कादंबरी दिसली : 'खूप लोक आहेत'. मला वाटलं, कुणीतरी आमच्या शाखेवर लिहिलं! एक तारखेला शटर वर गेल्यावर माझ्या तोंडून निघणारं पहिलं वाक्य हेच असतं. पुस्तक घरी आणलं. हिनं नाव वाचलं आणि म्हणाली, "हे सांगायला पुस्तक कशाला हवं? रविवार कारंज्यावर उभं राहिलं तरी कळतं की!"

लेखक श्याम मनोहर. जन्म १९४१चा, पेशा भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाचा. १९८३ साली त्यांची 'हे ईश्वरराव... हे पुरुषोत्तमराव...' आली. पुढे 'शीतयुद्ध सदानंद', 'कळ', मग ही 'खूप लोक आहेत'. २००६ साली 'उत्सुकतेने मी झोपलो' आली आणि तिला २००८चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यानंतरची एक 'शंभर मी'. नाटकांची नावं म्हणाल तर 'यकृत' आणि 'हृदय'. ही नाटकं वाचनालयात वैद्यकाच्या कपाटात कशी गेली नाहीत, याचं मला अजून नवल वाटतं.

मी एकामागून एक वाचत गेलो. घोड्यावर बसलेला नायक काही भेटेना. भेटली ती तुमच्याआमच्यासारखी माणसं. नोकरी करणारी, घर चालवणारी, जेवणारी, झोपणारी. पण भाजी निवडता निवडता मध्येच एखाद्याला असा प्रश्न पडतो की भाजी तशीच राहते. मोठा प्रश्न पडायला मोठा माणूस लागत नाही, एवढंच हा लेखक इतकी वर्षं वेगवेगळ्या नावांखाली सांगतो आहे, असं मला वाटलं. भौतिकशास्त्राचा माणूस! झाडावरून फळ पडतं हेही रोजचंच होतं. कुणीतरी त्याच्याकडे नीट बघितलं, एवढाच फरक.

हे मी डबा खाताना हेडकॅशियरना ऐकवलं. ते म्हणाले, "रोजचंच लिहायचं तर लेखक कशाला? आपण जगतोच की ते!"

मुद्दा बिनतोड होता. मी गप्प बसलो. उत्तर मिळालं ते पुढच्या महिन्यात, माझ्याच काउंटरवर.

एक बाई सासऱ्यांचं खातं बंद करायला आल्या. हातात मृत्यूचा दाखला. नाव वाचलं, काही आठवेना. खातं उघडलं, पडद्यावर नमुना सही आली, आणि मी चरकलो. शेवटच्या 'र'ची ती लांब शेपटी! अकरा वर्षं दर महिन्याला मी ती बघत होतो. अलीकडे शेपटी थरथरायला लागली होती, म्हणून तीनदा मी स्लिप परत केली होती. "आजोबा, सही जुळत नाही. पुढे कोण?"

बाई सहज म्हणाल्या, "घरी वहीत सही गिरवत बसायचे. बँकेतले साहेब परत पाठवतात म्हणायचे." आवाजात तक्रार नव्हती. असती तर बरं झालं असतं. तक्रारीला उत्तर द्यायचा आम्हाला सराव असतो.

नियमाप्रमाणे माझं काही चुकलं नव्हतं. ऑडिटरनं माझी पाठच थोपटली असती. पण हात चालेनासा झाला तर अंगठा चालतो, दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचाच जबाबदार माणूस असावा, हाही नियमच आहे आणि तोही मला पाठ आहे. आजोबांनी विचारला असता तर मी घडाघडा म्हणून दाखवला असता. त्यांनी विचारला नाही. मी सही बघितली. सही करणारा हात बघितला नाही. सही बघ असं नियम सांगतो, पण हात बघू नकोस असं तो कुठंच म्हणत नाही.

हेडकॅशियरना आता मी उत्तर देऊ शकतो. रोजचं आपण जगतो खरं, पण बघत नाही. न बघणं हा कुठल्याही कलमाखाली गुन्हा नाही; म्हणूनच तो आयुष्यभर करता येतो.

आता तुम्ही म्हणाल, एकेकाकडे असं बघत बसलास तर रांग पंचवटीपर्यंत जाईल. जाईल खरी. खूप लोक आहेत! या अडचणीवर माझ्याकडे तोड नाही. म्हणून मी आपला कारकुनी हिशेब ठरवला : रोज एक माणूस. त्या रात्री उद्या कोण येईल या उत्सुकतेनं मी झोपलो. (ही म्हणते, घोरतच होतात.)

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता एक गृहस्थ आले. मी स्लिप बाजूला ठेवली आणि त्यांच्या चेहऱ्याकडे नीट, मन लावून बघितलं.

ते घाबरले. मागं वळून बघितलं, खिसे चाचपले, आणि हळूच म्हणाले,

"साहेब, सही चुकली का?"