उत्तराची इंग्रजी, प्रश्नाची इंग्रजी

2025 च्या एप्रिलपासून जूनअखेरपर्यंत महाराष्ट्रात पहिलीच्या वर्गावरून जेवढा वाद झाला, तेवढा याआधी क्वचितच झाला असेल. 16 एप्रिलच्या शासन निर्णयाने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा सक्तीची केली, 17 जूनला त्यातले शब्द बदलले, 29 जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले गेले आणि नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती जाहीर झाली. सहा वर्षांच्या मुलाच्या पाठीवर तीन भाषा नकोत, हा विरोधकांचा मुद्दा मला तेव्हाही पटला होता, आजही पटतो. पण तिसऱ्या भाषेवर एवढं रान उठलं असताना दुसरीकडे फार थोड्यांनी पाहिलं. इंग्रजी पहिलीत 2000 सालापासून आहे. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना ती तिथे आली. गेल्या पंचवीस वर्षांत तिने पहिलीतल्या मुलाचं काय केलं, हा प्रश्न हिंदीच्या समर्थकांनीही विचारला नाही आणि विरोधकांनीही नाही. दोघांनी ती हवेसारखी गृहीत धरली.

मी इंग्रजीचा शिक्षक आहे. कारकिर्दीचा मोठा भाग देशाबाहेर गेला, आधी इथिओपियात आणि नंतर ओमानमध्ये. निवृत्तीनंतर मुलुंडला स्थायिक झालो. या भाषेने मला भाकरी दिली, जग दाखवलं, आणि ती शिकवताना मला जो आनंद मिळाला तो दुसऱ्या कशातही मिळाला नसता. तेव्हा इंग्रजी नको म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. नातवंडांना इंटरनॅशनल स्कूलमध्ये घालून व्यासपीठावरून मराठी शाळा वाचवणाऱ्यांशी मला वाद घालायचा नाही. आता यंत्रच भाषांतर करून देईल, मग शिकायचं कशाला, असं म्हणणाऱ्यांनी आजवर कोणतीच भाषा नीट शिकलेली नसावी. इंग्रजी हा बहुजनांचा हक्क आहे, हे म्हणणं मात्र मला शंभर टक्के मान्य आहे, आणि पुढचं सगळं त्या हक्कापोटीच लिहितो आहे.

माझा वाद एकाच समजुतीशी आहे. ती अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत प्रत्येक बालवर्गाच्या फलकावर न लिहिता लिहिलेली असते: जेवढी लवकर, जेवढी जास्त, तेवढी चांगली. मूल लहानपणी भाषा आपोआप उचलतं, म्हणून इंग्रजी त्याच्या कानावर जितकी पडेल तितकी ती त्याची होईल. ही समजूत इतकी सरळ वाटते की तिला पुरावा मागायचंच कोणाला सुचत नाही.

तिला आधार म्हणून मेंदूविज्ञान पुढे केलं जातं. एरिक लेनेबर्ग यांनी 1967 मध्ये भाषा शिकण्याच्या नाजूक वयाची कल्पना मांडली, ती खरी. पण तिचा मुख्य भर पहिली भाषा मुळात घडते कशी यावर आहे. आठवड्यातून काही तासिकांत एखादी परकी भाषा शिकवण्याची ती कृती नव्हे. 1978 मध्ये कॅथरिन स्नो आणि मारियान हुफनागल-होले यांनी हॉलंडमध्ये राहायला आलेल्या इंग्रजीभाषकांचा अभ्यास केला. सगळ्यांत लहान मुलं डच सगळ्यांत झपाट्याने शिकतील अशी अपेक्षा असेल, तर निष्कर्ष उलटा निघाला: झपाट्याने पुढे गेली ती बारा ते पंधरा वयोगटातली मुलं. हे तर गल्लीत, दुकानात, शाळेत सगळीकडे डच असताना. शाळेपुरत्याच इंग्रजीचं काय होतं ते कार्मेन मुन्योस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बार्सिलोनात पाहिलं. तेवढेच तास शिकून उशिरा सुरुवात केलेली मुलं लवकर सुरुवात केलेल्यांच्या पुढे होती. उच्चारात लहान वयाचा फायदा होतो हे मी नाकारत नाही. पण त्यासाठी तो उच्चार दिवसभर कानावर पडावा लागतो. भांडुपच्या मुलाच्या जागेपणीच्या बारा-तेरा तासांत इंग्रजी ऐकू येते ती वर्गातली, आणि तीही स्वतः ती कष्टाने शिकलेल्या बाईंच्या तोंडून. त्या बाईंबद्दल मला आदर आहे, मीही त्यांच्यासारखाच. आमच्या पिढीने तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर भाषा कमावली आणि ती परदेशात शिकवण्याइतकी कमावली. पण आम्ही कोणी वातावरण निर्माण करू शकत नाही.

मग कॅनडाचं उदाहरण येतं. माँट्रियलजवळच्या सेंट लँबर्टमध्ये 1965 साली इंग्रजीभाषक मुलांना पहिल्यापासून फ्रेंचमध्ये शिकवायला सुरुवात झाली, आणि ती उत्तम शिकली. हे खरं आहे, आणि आपल्याकडच्या इंग्रजी माध्यमाच्या समर्थनार्थ ते वापरणं हा सरळसरळ अन्याय आहे. त्या मुलांची भाषा संबंध उत्तर अमेरिकेची भाषा होती. घरी पुस्तकं होती, आईवडील शिकलेले होते, शाळेत आपली भाषा बाजूला ठेवल्याने ती जाईल ही भीती कोणालाच नव्हती. फ्रेंच त्यांच्या भाषेत भर घालत होती. भांडुपच्या खिंडीपाडा वस्तीतल्या मुलीला शाळेत घातल्या दिवसापासून तिची भाषा वजा केली जाते. दोन्हीकडे पद्धत एकच दिसत असली तरी गणिताचं चिन्ह उलटं आहे.

आणि ही समजूत आजची नाही. 1961 मध्ये युगांडात मकेरेरे इथे राष्ट्रकुलातल्या देशांची इंग्रजी अध्यापनावर परिषद झाली. इंग्रजी शक्यतो इंग्रजीतूनच शिकवावी, आदर्श शिक्षक जन्मतः इंग्रजीभाषक असावा, सुरुवात जितकी लवकर तितकी चांगली, कानावर जितकी जास्त तितकी चांगली आणि इतर भाषा वापरात राहिल्या तर इंग्रजीचा दर्जा घसरेल, ही पाच सूत्रं तिथल्या विचारात होती. रॉबर्ट फिलिप्सन यांनी 1992 मधल्या आपल्या पुस्तकात या पाचही भ्रांती आहेत हे दाखवून दिलं. मी आफ्रिकेत पोचलो तेव्हा ते पुस्तक निघायचं होतं, पण सूत्रं वर्गावर्गात राबत होती. आपल्याकडे तर मुंबई इलाख्याच्या शिक्षण मंडळात एर्स्किन पेरी आणि जगन्नाथ शंकरशेट यांच्यात हाच झगडा 1840 च्या दशकात होऊन गेला. पेरी इंग्रजी माध्यमाच्या बाजूने होते, शंकरशेट मराठीच्या.

आता मला जे सांगायचं आहे ते सांगतो. सम्राट हेले सेलासी यांच्या काळापासून इथिओपियाच्या माध्यमिक शाळांत भारतीय शिक्षक असत, बहुतेक केरळचे; मराठी माणूस विरळा. ऐंशीच्या दशकात मी जिम्मा या कॉफीच्या मुलखातल्या गावात शिकवत होतो. तिथल्या पुष्कळ मुलांच्या घरी ओरोमो बोलली जाई. प्राथमिक शाळा अम्हारिकमध्ये, आणि सातवीपासून सगळे विषय इंग्रजीत. म्हणजे मुलाने भाषा दोनदा बदललेली असे. माझ्या वर्गात सत्तर मुलं. धडा संपला की मी विचारी, समजलं का? तिकडे श्वास पटकन आत ओढून होकार देण्याची रीत आहे. सत्तर मुलं एकदम श्वास ओढीत. परीक्षेत त्यांची उत्तरं नीटनेटकी, पाठ केलेली, बरोबर असत. प्रश्न मात्र वर्षभरात एकही येत नसे.

तेव्हापासून मी इंग्रजीचे दोन भाग मानत आलो. एक उत्तराची इंग्रजी आणि दुसरी प्रश्नाची. उत्तराची इंग्रजी पाठ करता येते, फळ्यावरून उतरवता येते, लहान वयात तर ती फारच सहज चिकटते: रंगांची नावं, कविता, माझी शाळा, माझी आई. प्रश्नाची इंग्रजी अशी चिकटत नाही, कारण प्रश्न आधी मनात कुठल्यातरी भाषेत उठावा लागतो. शिष्टाचाराचे प्रश्न मी यात धरत नाही. पाणी प्यायला जाऊ का, हेही पाठच केलेलं असतं. मला अडल्यावरचा प्रश्न अभिप्रेत आहे. समोरच्याने सांगितलेलं आणि आपल्याला माहीत असलेलं जुळत नाही, हे जाणवून त्याला थांबवणारा. तो कुठल्या भाषेत उठतो? ज्या भाषेत मूल भांडतं, शंका घेतं, आजीला खोटं पाडतं, त्या भाषेत. ती भाषा वर्गाबाहेर ठेवली की प्रश्नही बाहेर राहतो.

या भेदाला शास्त्रात काय म्हणतात यात मला फारसा रस नाही. पण त्याने जेवढं उलगडतं तेवढं माध्यमाच्या वादाने उलगडत नाही.

हाच भेद मला पुढे ओमानमध्ये दिसला. तिथे 1970 साली तीन शाळा आणि नऊशेच्या आसपास मुलगे होते. त्यानंतर त्या देशाने शिक्षणात जी मजल मारली तिला तोड नाही. सरकारी शाळांत इंग्रजी चौथीपासून असे. 1998-99 पासून नव्या मूलभूत शिक्षणाच्या योजनेत ती पहिलीपासून आली, आणि दोन्ही व्यवस्था बरीच वर्षं शेजारी शेजारी चालल्या. मला दोन्हीकडची मुलं शिकवायला मिळाली. पुस्तकं वेगळी, शिक्षकांची तयारी वेगळी, म्हणून माझ्या तुलनेला कोणी शास्त्रीय म्हणू नये. पण पहिलीपासून शिकलेल्यांची जीभ सैल होती, भीड कमी होती, आणि वरच्या वर्गात अवघड उतारा आला की दोन्हीकडची मुलं सारखीच गप्प होत. ज्यांना अरबीत भरपूर वाचायची सवय होती तीच हात वर करीत, मग इंग्रजी चौथीत सुरू झालेली असो वा पहिलीत.

इथिओपियाचा प्रयोग तर याहून बोलका आहे. 1994 च्या धोरणाने तिथे प्राथमिक शिक्षण मुलांच्या स्वतःच्या भाषांत आलं, आणि ओरोमोला वर्गात जागा मिळाली. ज्या प्रांतांनी हे आठवीपर्यंत नेलं, तिथली मुलं आठवीच्या चाचण्यांत एकंदरीत पुढे होती, असं तिथल्या शिक्षण मंत्रालयासाठी कॅथलीन ह्यू आणि सहकाऱ्यांनी केलेल्या 2007 च्या अहवालात आढळलं. पण त्याच देशाने 2004 पासून नववी ते बारावीच्या वर्गांत मोठे पडदे बसवले. दक्षिण आफ्रिकेत तयार झालेले इंग्रजी धडे उपग्रहावरून सगळ्या देशात एकाच वेळी दिसू लागले. मुलं त्यांना प्लाझ्मा म्हणत. माझा एक जुना विद्यार्थी तोवर पदार्थविज्ञानाचा शिक्षक झाला होता. त्याने मला कळवलं की सुरुवातीची आणि शेवटची काही मिनिटं त्याची, मधला वेळ पडद्याचा. पडद्यावरचे उच्चार शुद्ध, आकृत्या सुंदर, पण तो थांबवता येत नाही. एखाद्याला काही अडलं तरी तास पुढे जात राहतो. लवकर आणि जास्त या सूत्राची ही शेवटची पायरी आहे: इंग्रजी भरपूर, आणि प्रश्नाला जागाच नाही. मोबाइलवरच्या इंग्रजी शिकवणाऱ्या ॲपची जाहिरात पाहिली की मला तोच पडदा दिसतो.

आपल्याकडे पडदा नाही, पण वर्ग तसाच चालतो. आमच्या सोसायटीत कामाला येणाऱ्या एका ताईंची मुलगी सहावीत, इंग्रजी माध्यमात आहे. ती माझ्याकडे अभ्यासाला बसते. प्रकाशसंश्लेषणाची व्याख्या तिने मला एका दमात, न अडखळता म्हणून दाखवली. शाळेत बाई धड्याअखेरीस 'एनी डाउट्स?' म्हणतात तेव्हा वर्ग काय म्हणतो, असं मी विचारलं. 'सगळे नो मिस म्हणतात, आजोबा.' मग मी तीच गोष्ट मराठीत, कुंडीतल्या तुळशीकडे बोट दाखवून सांगितली. ती जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, 'मग रात्री झाड काय खातं?' वनस्पतिशास्त्रातला हा अगदी रास्त प्रश्न आहे. बालवर्गापासून इंग्रजीत असून तो तिच्या तोंडून इंग्रजीत आला नव्हता, येऊ शकत नव्हता. मात्र एकदा मराठीत उठल्यावर तो इंग्रजीत कसा मांडायचा हे शिकायला तिला दहा मिनिटं पुरली. ती दहा मिनिटं म्हणजे इंग्रजीच्या शिक्षकाचं खरं काम, असं मी मानतो. त्यासाठी तिला बालवर्गापासून इंग्रजीत कोंडण्याची गरज नव्हती.

तिची आई मला म्हणाली, 'काका, मराठी शाळेत घातली असती तर लोक हसले असते.' ही भीती खरी आहे. तिच्यावर भाषण देणारा मी कोण? शाळा निवडणाऱ्या आईला मी दोष देत नाही. मुलांना विचारू न देणारी इंग्रजी पुरेशी आहे, असं तिला सांगणाऱ्या आपल्या सगळ्या शिक्षणव्यवहाराला देतो. सेमी इंग्रजीवाल्यांनीही इथे सुटका मानू नये. गणित-विज्ञान इंग्रजीत नेताना, मुलांनी शंका मराठीत विचारायला हरकत नाही, हे किती वर्गांत सांगितलं जातं?

आपली परीक्षा तर प्रश्नाला उत्तराचंच शेपूट समजते. दहावीच्या इंग्रजीच्या पेपरात वाक्य दिलेलं असतं, त्यातला काही भाग अधोरेखित असतो, आणि तो भाग उत्तर म्हणून येईल असा प्रश्न तयार करायचा असतो. मुलं हे यंत्रासारखं करतात, गुणही मिळतात. उत्तर आधी ठरलेलं असताना विचारलेला प्रश्न हा प्रश्नच नव्हे. या परीक्षेत ऐंशी गुण लेखी आणि वीस अंतर्गत असतात. त्या विसातले पाच मुलाच्या स्वतःच्या प्रश्नाला द्यावेत. मुलांनी आधी न वाचलेला एक छोटा उतारा परीक्षकाने वाचून दाखवावा, मुलाने त्यावर जे अडलं ते विचारावं, आधी मराठीत चालेल, मग इंग्रजीत. व्याकरण चुकलं तरी गुण कापू नयेत. प्रश्न उताऱ्यातल्या कशाशी भिडतो एवढंच पाहावं. गाइडवाले तयार प्रश्न छापतील, ही भीती मला सांगितली जाते. उतारा नवा असेल तर छापलेला प्रश्न त्याला लागू पडणार नाही, आणि ते परीक्षकाला लगेच कळेल.

साठ-साठ मुलांच्या वर्गात याची तयारी करायला वेळ कुठला, असं शिक्षक मला विचारतात. जिम्मात पुढे मी रोज दोनच मुलांचा प्रश्न घेऊ लागलो. मूल अम्हारिकमध्ये विचारी, शेजारचा त्याला इंग्रजीत मांडायला मदत करी, मी फळ्यावर लिही. सात-आठ मिनिटं जात. वर्गात फक्त इंग्रजीच बोलावी अशी वरून सूचना होती आणि तपासनीस आले की आम्ही ते थांबवत असू. पण दोन महिन्यांत सगळ्यांची एकेक पाळी होऊन जाई, आणि दुसऱ्या पाळीला बऱ्याच जणांना शेजाऱ्याची गरज लागत नसे.