घड्याळ कुणाच्या हातात

रेल्वेनं पाहिलं तर पाचोऱ्यापासून मुंबईचा समुद्र साडेतीनशे किलोमीटरहून लांब आहे. तरी क्रूझ जहाजांवर सध्या जी चर्चा चालते ती वाचताना पाचोऱ्याच्या माणसाला ती परकी वाटत नाही. ३० सप्टेंबर २०२४ रोजी केंद्र सरकारनं मुंबई बंदरातून ‘क्रूझ भारत मिशन’ सुरू केलं. २०२९ पर्यंत क्रूझ प्रवाशांची संख्या दुप्पट करायची, असं त्याचं उद्दिष्ट. बॅलार्ड पिअरला नवं टर्मिनल उभं राहिलं. बाजूनं बोलणारे प्रवाशांची डोकी मोजतात, विरोधातले धूर आणि गर्दी मोजतात. दोघांचंही मोजणं खोटं नाही. पण पाहुणा आला म्हणजे गावाला काय लाभतं आणि काय सोसावं लागतं, हे माझ्या मते त्याच्या संख्येआधी त्याच्या वेळेवर ठरतं. त्याच्या वेळेचा मालक कोण, हे आधी बघावं.

आमच्याकडे हे कळायला पीजे पुरेशी होती. पीजे म्हणजे पाचोरा–जामनेर, अडीच फुटी रुळांवरची ५६ किलोमीटरची गाडी. पहिलं महायुद्ध संपता संपता ती सुरू झाली. वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर, भागदरा करत जामनेरला पोचायची. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे थांबली ती थांबलीच. आता तिच्या जागी ब्रॉडगेज यायची आहे. शेंदुर्णीचा माणूस पीजेतून पाचोऱ्याला उतरायचा आणि मोठ्या लाईनीवरची गाडी यायला तास-दीड तास असायचा. मोठी गाडी लेट असेल तर त्याहून जास्त. त्या वेळात काय करायचं हे रेल्वेनं ठरवलेलं नसे आणि प्रवाशानंही. म्हणून तो वेळ गावाच्या वाट्याला यायचा. कुणी दाढी करून घेई, कुणी चष्म्याची तुटलेली काडी बसवून घेई, कुणी सरकीचा आणि बियाण्याचा भाव विचारून येई. लेकरू खोकत असेल तर डॉक्टरला दाखवणं होई. पोटात भूक असली की शेवभाजी होतीच, नाही तर फलाटावर केळी. या खर्चाची यादी घरून निघताना कुणाच्याच खिशात नव्हती.

जंक्शनचं उत्पन्न असं गैरसोयीवर उभं असतं, हे कबूल करायला हवं. गाड्यांच्या वेळा नीट जुळल्या तर प्रवासी खूश आणि टपरीवाला नाराज. उद्या ब्रॉडगेज झाली आणि जामनेरहून गाडी न बदलता थेट पुढे जाता आलं, तर पाचोऱ्याच्या बाजारातला तो तास जाईल. म्हणून कुणी गैरसोय चालू ठेवा असं म्हणणार नाही. मीही म्हणत नाही.

क्रूझ जहाज हे या जंक्शनच्या बरोबर उलटं यंत्र आहे. बेवारशी वेळ शिल्लकच राहू नये, अशी त्याची रचना. २०२४ साली निघालेलं ‘आयकॉन ऑफ द सीज’ पूर्ण भरलं तर सुमारे ७,६०० प्रवासी घेतं, वर दोन हजारांहून अधिक कर्मचारी. जेवणखाण बहुतेक तिकिटातच. कंपनीची वरकमाई दारू, कॅसिनो, दुकानं, मालिश यांत. प्रवासी जहाजावर जितका वेळ काढेल तितकी ती कमाई वाढते. किनाऱ्यावर काढलेला प्रत्येक तास हिशेबाच्या दुसऱ्या बाजूला पडतो, तोही मग शक्यतो कंपनीमार्फतच विकला जातो.

एक दिवस बघा. सकाळी आठला जहाज धक्क्याला लागतं, संध्याकाळी पाचला सुटणार असतं. प्रवासी न्याहारी करूनच उतरतो. कागदपत्रं, रांग, बस यात तास जातो. सुटण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी सगळ्यांनी परत यायचं असतं. हातात राहतात सहा-सात तास, आणि त्यांवरही एक दोरी बांधलेली असते. कंपनीकडून घेतलेल्या सहलीची बस रस्त्यात अडकली तर जहाज तिच्यासाठी थांबतं, नाही तर कंपनी प्रवाशाला पुढच्या बंदरात नेऊन पोचवते. स्वतः रिक्षा करून गेलात आणि उशीर झाला तर जहाज गेलं, पुढचं तुमचं तुम्ही बघा. नवख्या देशात आलेला साठीचा माणूस ही जोखीम कशाला घेईल? तो कंपनीचीच सहल घेतो आणि तिच्या पैशातला मोठा वाटा कंपनीकडे राहतो. गावातला टॅक्सीवाला धक्क्याच्या फाटकाबाहेर उभा राहून समोरून जाणाऱ्या बसगाड्या मोजत बसतो. मुरगावच्या बंदरावर गोव्याच्या टॅक्सीवाल्यांची तक्रार फिरून फिरून याच फाटकापाशी येते. पाच हजार माणसं गावात आली आणि बाजार हलला नाही, असं होतं ते यामुळे.

सगळ्याच बंदरांचं असं नसतं. जहाज जिथून सुटतं आणि जिथे संपतं त्या बंदराची गोष्ट वेगळी. मुंबईत जहाज धरायला येणारा माणूस बहुधा आदल्या दिवशी येतो, हॉटेलात झोपतो, औषधं आणि टोपी विसरलेली असते ती विकत घेतो. जहाजही भाजी, दूध, पाणी, इंधन भरून घेतं, धुणं देतं, दुरुस्ती करवतं. इथे मुंबईच्या हाती एक रात्र लागते. मधल्या बंदराच्या हाती एक दुपार. सरकारी कागदावर दोघांच्या नावापुढे तोच प्रवासी मोजला जातो, हे मला फसवं वाटतं.

आपल्याकडची जुनी कोकणबोट या हिशेबात कुठे बसते? मुंबईहून निघून दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी ती जायची. कितीतरी ठिकाणी धक्का नसल्यामुळे बाहेर नांगर टाकायची आणि माणसं पडावातून किनाऱ्याला यायची. पडाववाला, हमाल, बैलगाडीवाला, खानावळ, सगळे त्या उतरण्या-चढण्यावर जगत. चाकरमानी उतरला की तो महिनाभर गावाचा. बोटीचा त्याच्यावर हक्क संपलेला असे. ती बोट वाहन होती, मुक्कामाची जागा नव्हती. क्रूझमध्ये जहाज हेच मुक्कामाचं ठिकाण झालं आणि बंदर झालं वाटेतलं दृश्य. फायद्यातोट्याची सगळी उलथापालथ या एका बदलातून निघाली.

वेळेचा मालक बाहेरचा असला की गावाच्या गरजा कशा दिसेनाशा होतात, ते घारापुरीला पाहावं. मुंबईत उतरलेल्या क्रूझ प्रवाशाला दाखवायच्या यादीत एलिफंटा हमखास असतं. लेणी १९८७ पासून जागतिक वारशात आहेत. गेटवेवरून लाँच जाते, धक्क्यापासून खेळण्यातल्यासारखी गाडी, मग पायऱ्या, पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना माळा, टोप्या, दगडी हत्ती आणि काकडी-कैरी. चढवत नसेल त्याला डोलीवाले आहेत. बेटावर शेतबंदर, राजबंदर, मोराबंदर अशी तीन गावं. पर्यटकानं संध्याकाळच्या लाँचनं परतायचंच असतं, रात्री राहता येत नाही. या तीन गावांना समुद्राखालून केबल टाकून कायमची वीज मिळाली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. तोवर संध्याकाळी काही तास जनरेटर. समोर मुंबई झगमगते आणि वारसा जाहीर होऊन तीस वर्षं झाली तरी इथे अंधार, हे कसं चाललं? लाखो पाहुण्यांपैकी एकानंही तिथला अंधार पाहिलेला नव्हता. जो रात्री थांबतो तो दिव्याबद्दल, पाण्याबद्दल, दवाखान्याबद्दल तक्रार करतो आणि त्याच्या तक्रारीचा फायदा गावालाही होतो. दुपारच्या पाहुण्याला फक्त स्वच्छतागृह लागतं.

आमच्या बाजूला अजिंठा. २००४ मध्ये सुरू झालेली डेक्कन ओडिसी ही महाराष्ट्राची रुळांवरची क्रूझच म्हणायची: रात्री प्रवास, दिवसा एक ठिकाण, जेवण आणि झोप गाडीत. अजिंठ्यासाठी ती खानदेशात थांबते. पाहुणे वातानुकूलित बसमधून फर्दापूरला जातात आणि परत गाडीत. स्टेशनच्या गावाला त्यांची बस दिसते. संख्या तशी फार थोडी, त्यामुळे तिनं कुणाचं फारसं भलं किंवा बुरं केलं असं नाही. फर्दापूरच्या तिठ्यावर मात्र खासगी गाड्या थांबवतात. चित्रांना धुराचा त्रास होऊ नये म्हणून पुढचे चार किलोमीटर ठरलेल्या बसनंच जायचं. त्या बसपाशी पोचायला दुकानांच्या गल्लीतून चालावं लागतं. हा चालण्याचा पाच-सात मिनिटांचा वेळ म्हणजे फर्दापूरची पीजे. विक्रेते तिथे काय करतात बघा. स्फटिकाचा एक तुकडा हातात ठेवतात, ‘घ्या, पैसे नकोत’ म्हणतात, आपलं नाव आणि दुकानाचा नंबर सांगतात आणि येताना या म्हणतात. सह्याद्रीच्या बेसाल्टमध्ये सापडणारे हे दगड, जांभळे, हिरवे, पांढरे. पाहुण्याला आत्ता वेळ नाही, हे विक्रेता जाणतो. म्हणून तो परतीच्या पाच मिनिटांवर आधीच आपलं नाव घालून ठेवतो. लोकांना हा पिच्छा वाटतो, आणि आहेच. पण ज्याच्या वाट्याला दिवसभरातली पाच मिनिटं आली, तो आरामात, मान राखून धंदा कसा करणार?

खर्चाचं काय? गाव पाहुण्याच्या सरासरीसाठी बांधता येत नाही, गर्दीच्या तासासाठी बांधावं लागतं. रस्ता, गटार, कचरा, पोलिस, सगळं त्या एका तासाच्या मापाचं आणि बाकीचा दिवस, बाकीचं वर्ष ते पोसायचं. अलास्कातलं जुनो हे सुमारे ३२,००० वस्तीचं शहर. २०२३ च्या एका हंगामात तिथे १६ लाखांहून अधिक क्रूझ प्रवासी उतरले. हिवाळ्यात धक्क्याजवळची कितीतरी दुकानं बंद, कारण ती गावासाठी नव्हतीच. जुनोनं प्रवाशामागे शुल्क लावलं, तर कंपन्यांची संघटना कोर्टात गेली आणि २०१८ मध्ये निकाल लागला की हा पैसा जहाजांना उपयोगी पडेल अशाच कामावर खर्चावा. पैसे घेऊन भरपाई होत नाही म्हटल्यावर शहरानं घड्याळाला हात घातला. २०२४ पासून दिवसाला पाचच मोठी जहाजं, २०२६ पासून रोज १६,००० प्रवाशांची मर्यादा आणि शनिवारी १२,०००. शनिवारची सूट आम्हाला, असं गावानं सांगितलं. मला हे कलम लिहिणारा माणूस आवडला. व्हेनिसनं ऑगस्ट २०२१ पासून मोठी जहाजं सान मार्कोसमोरून जाणं बंद केलं. आणि एप्रिल २०२४ पासून ठराविक दिवशी पाच युरो प्रवेशकर लावला, तो फक्त दिवसापुरतं येणाऱ्यांना. शहरात रात्र काढणाऱ्याला माफ.

असं बजावून सांगण्याची ताकद कुठल्या गावाकडे असते? जे दुसरीकडे मिळत नाही ते ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे. व्हेनिस दुसरं नाही. पण कॅरिबियनमधला एखादा वाळूचा किनारा अडून बसला तर कंपनी शेजारच्या बेटावर जाते, नाही तर बहामामधल्या कोकोकेसारखं एखादं बेटच आपल्या प्रवाशांपुरतं राखून ठेवते. कधी कंपनीच उरत नाही. २०१९ मध्ये मुंबईतून गाजावाजा करून निघालेलं जलेशचं ‘कर्णिका’ २०२० संपायच्या आत अलंगच्या भंगारात गेलं.

इथे पाचोऱ्याचा अनुभव कामाला येतो. अजिंठा अजोड आहे, तरी त्याचा लाभ पाचोऱ्याकडे टिकला नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबईहून अजिंठ्याला जाणारा जीआयपी रेल्वेनं येऊन पाचोऱ्याला उतरे, कारण पुढे बैलगाडी होती आणि बैलगाडी म्हटली की मुक्काम आलाच. मग पीजेमुळे पहूर जवळ आलं, मोटारींमुळे जळगाव, विमानामुळे औरंगाबाद. डोंगर हलत नाही, त्याचं दार हलतं. वेंगुर्ल्याचंही तसंच. बेळगाव-धारवाडचा कापूस त्या बंदरातून जायचा, तो मुरगावची रेल्वे घाट चढून गेल्यावर तिकडे वळला. कोकणातलं जे बंदर आज क्रूझसाठी धक्का मागतं आहे, त्यानं आपण डोंगर आहोत की दार, हे आधी ठरवावं. दार असेल तर कर्ज काढून लांबच लांब धक्का बांधू नये. लहान बोटी मागाव्यात, संध्याकाळी येऊन सकाळी सुटणाऱ्या. वेळापत्रकात एक रात्र मिळवण्यासाठी भांडावं. सवलती देऊन जहाजांची संख्या वाढवणं हे सोपं काम आहे आणि बहुतेक ठिकाणी तेवढंच होतं.

डोंगराच्या बाजूनं एक गोष्ट मात्र आहे. अजिंठा सोमवारी बंद असतो, वेरूळ मंगळवारी, घारापुरी सोमवारी. पुरातत्त्व खात्याचा हा साधा नियम, पर्यटनाच्या धोरणाशी त्याचा काही संबंध नाही. पण डेक्कन ओडिसीला आपला आठवडा या दोन वारांभोवती आखावा लागतो आणि मुंबईत सोमवारी लागणाऱ्या जहाजाला एलिफंटाची सहल विकता येत नाही, मग त्यावर साडेसात हजार माणसं का असेनात. सोमवारी चुकून फर्दापूरला येऊन पडलेले लोक असतात, विशेषतः लांबून आपल्या गाडीनं आलेले. आधी चिडतात, मग खोलीचा भाव विचारतात. मंगळवारी सकाळी पहिल्या बसला तेच पुढे असतात.