सुईला उत्तर ठाऊक नसते

होकायंत्राची सुई उत्तरेकडे ओढली जाते, असं आपण सहज बोलून जातो. ती ओढली जात नाही. लंडनला होकायंत्रं घडवणाऱ्या रॉबर्ट नॉर्मनने सुई बुचात खोवली आणि ती पाण्यात ना तरंगेल ना बुडेल इतकं बूच तासलं. सुई जागच्या जागी वळली, एक टोक खाली झुकवून थांबली. उत्तरेकडे तसूभरही सरकली नाही. १५८१ साली त्याने हे छापलं. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र एका टोकाला जेवढं रेटतं, तेवढंच दुसऱ्याला उलट रेटतं. ओढ फिटते, उरतो फक्त पीळ. एका कारागिराच्या हातून निघालेलं हे सत्य मला फार मोलाचं वाटतं.

म्हणजे उत्तर गाठायची आस सुईला नसतेच. तिच्या जागी, त्या घडीला जी जी चुंबकीय बलं असतील, त्यांच्या बेरजेपुढे ती उभी राहते. गाभ्यातल्या वितळलेल्या लोखंडाचा वाटा मोठा; पण जवळच्या काळ्या कातळाचाही असतो, सूर्याचाही. २ सप्टेंबर १८५९ रोजी सौर वादळ आलं तेव्हा मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत क्षितिजसमांतर क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरलं, एरवीच्या शेकडा चारएक. खिशातल्या होकायंत्राला याचा पत्ताही लागला नसता. कुलाब्याला मात्र टांगत्या चुंबकांवर डोळा ठेवून माणसं आकडे टिपत होती, म्हणून ते वादळ आज आपल्याला मोजता येतं.

पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असं ठरलं. बेरीज करणाऱ्या चुंबकाला ट्रामचा प्रवाह कोणता आणि पृथ्वी कोणती, हे वेगळं काढता येत नाही. म्हणून वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी चुंबकीय निरीक्षणांसाठी अलिबाग निवडलं. तिथली इमारत पोरबंदरी दगडाची बांधली, लोखंड कटाक्षाने टाळलं. त्याहून मोठी गोष्ट अशी, की १९०४ ते १९०६ त्यांनी कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडची निरीक्षणं एकाच वेळी चालू ठेवली. जागा बदलली की बेरीज बदलणारच. किती बदलते ते आधी मोजून घेतलं. कुलाब्याची एकोणिसाव्या शतकातली वही आणि अलिबागची आजची नोंद सलग वाचता येते ती या दुहेरी कष्टांमुळे.