वही आणि ठेव

विक्रीवरचा गुमास्ता पेढी सोडून समोरच्या पेढीवर बसतो आणि जुनी गिऱ्हाइके त्याच्यामागे जातात. मालक म्हणतो, ‘चोरी!’ गुमास्ता म्हणतो, ‘माझ्या जिभेची कमाई.’ वारीत व्यापारी मंडळी आम्हांस हे विचारतात.

१८७२ च्या करार कायद्याचे कलम २७ धंद्यास आडकाठी करणारा करार रद्दबातल धरते. नोकरी चालू असेतो मात्र बंधन चालते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली ठरविले. म्हणजे सोडून गेलेल्याचे पोट कागदाने बांधता येत नाही. योग्यच आहे. पगार आखडता द्यायचा आणि वर पायांत बेडी घालायची, हा कुठला न्याय?

पण मनुस्मृतीत अठरा व्यवहारपदांत ऋणादानाच्या पाठोपाठ निक्षेप, म्हणजे ठेव, येते. कोणास कोणता भाव, कोणाची उधारी किती थकली, हे पेढीवर विश्वासाने उघड झालेले असते. ती ठेवच. बोलण्याची हातोटी, मालाची पारख ज्याची त्याची.

‘महाराज, वही नाही नेली; डोक्यात आहे त्याचं काय करू?’ खरी अडचण इथेच. गुरूंकडून ऐकलेले निरूपण आम्ही गावोगाव सांगतो. ते सांगण्यासाठीच दिलेले. पण कीर्तन आटोपल्यावर एखादी माउली घरातले दुःख बोलून जाते, ते पाठ असूनही पुढच्या गावी दृष्टान्त म्हणून आम्हांस वापरता येत नाही. गुमास्त्याने गिऱ्हाइकास माल खुशाल दाखवावा. जुन्या मालकाचा भाव ठाऊक आहे म्हणून त्याखाली रुपया उतरून सांगू नये.