अंगणातले पाणी कोणाचे?

वाचकहो, हरिकीर्तनात आम्ही आजवर पाण्याचे दृष्टांत पुष्कळ दिले. परंतु एका दृष्टांताने आमच्याच दारी येऊन आम्हांस जाब विचारला. तो आज सांगावयाचा आहे.

आमचे घर वाशीम जिल्ह्यात, रिसोड तालुक्यातील एका लहान गावी. नळ आहे, पण उन्हाळ्यात त्याचा भरवसा नाही. घरच्या बायामाणसांनी हंडे वाहावेत आणि आम्ही टाळमृदंगात रमावे, हे काही गृहस्थधर्माला शोभेना. म्हणून तीन वर्षांमागे फाल्गुनात अंगणात बोअर घेतले. २२० फुटांवर पाणी लागले. नारळ फोडला, पेढे वाटले.

त्याच ज्येष्ठात शेगावहून श्रीगजानन महाराजांची पालखी मेडशी, शिरपूर करीत रिसोडच्या वाटेने पंढरीस निघाली. आम्ही नळी लावून वारकऱ्यांचे तांबे भरले, पाय धुतले. मन कसे भरून आले! संध्याकाळी शेजारीण कुंपणापाशी आली नि म्हणाली, "महाराज, तुमच्या पुण्याले काई कमी नाई. पन तुमचं बोर झालं तवापासून आमची इहीर भरून येत नाई." बोलण्यात राग नव्हता. असता तर बरे झाले असते. आम्हांस भांडता आले असते.

मृगापर्यंत पाणी पुरविणारी ती विहीर त्या साली चैत्रातच तळाला गेली होती. मग आम्ही वाटले काय? शेजाऱ्याचेच पाणी, आमच्या नळीने!

मन लगेच वकिली करू लागले. पुरावा काय? आदल्या साली पाऊसही कमीच होता. आणि कायदाही आमच्याच बाजूचा. १८८२ सालच्या इझमेंट कायद्याने जमिनीखालच्या, ठरावीक ओघ नसलेल्या पाण्यावर जमीनमालकाचा हक्क मानलेला आहे. पुढे १९९३ साली महाराष्ट्राने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या जागेपासून ५०० मीटरच्या आत परवानगीवाचून नवी विहीर घेण्यास मनाई केली. २००९ साली अधिक व्यापक भूजल कायदा केला. पण गावच्या विहिरीची काळजी कायदा घेतो तशी गरीब शेजाऱ्याच्या विहिरीची कोण घेणार? ती धर्मानेच घ्यावयाची.

आपल्याकडचा खडक काळा, बसाल्टाचा. पाणी राहते ते वरच्या मुरमात आणि खालच्या भेगांत. जमिनीवर आपण कुंपण घालतो, भेगांना कुंपण नाही. कोणाच्या शेतात पडलेला पाऊस कोणाच्या बोअरात उतरेल, हे सातबारा पाहून ठरत नाही. तेव्हा पुरावा नसणे म्हणजे आपण निर्दोष असणे नव्हे. एवढेच की आपले ओझे दुसऱ्यास दाखविता येत नाही; आपणांस मात्र ते कळते.

पाठशाळेत असताना धर्मशास्त्रात आम्ही जलाशयोत्सर्ग शिकलो होतो. विहीर वा तळे बांधणाऱ्याने विधिपूर्वक ते पाणी सर्व प्राणिमात्रांसाठी सोडावयाचे. दान आणि उत्सर्ग यांत भेद आहे. दान दिलेली वस्तू परत वापरता येत नाही. उत्सर्ग केलेले पाणी बांधणाराही पितो, पण धनी म्हणून नव्हे, सर्वांतला एक म्हणून. आम्ही नारळ फोडला, उत्सर्ग मात्र विसरलो!

नामदेवरायांची नरसी येथून फार दूर नाही. ज्ञानोबामाउली व नामदेवराय तीर्थयात्रेत मारवाडात गेले असता तहानेने व्याकूळ झाले, विहीर अति खोल होती, ही कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. माउली योगसामर्थ्याने खाली उतरून पाणी प्याले आणि "तुमच्यासाठीही आणतो" म्हणाले. स्वतःची तहान भागताच सोबत्याची विसरले नाहीत. नामदेवांनी विठोबाचा धावा केला, तो विहीरच भरून काठावरून वाहू लागली. मग ते पाणी एकट्या नामदेवांचे थोडेच राहिले? आमचे यंत्र खाली उतरले खरे, पण सोबत्याला विचारले नाही.

असो. बोअर बुजविले नाही. घरच्यांची तहान खोटी नव्हती. मात्र कुंपणाबाहेर एक तोटी काढली. शेजारणीला ती मागावी लागत नाही, हे महत्त्वाचे. मागावे लागले तर ते आमचे दान, न मागता मिळाले तर तिचे पाणी. दुसरे असे की, छपराचे पाणी पन्हाळीने उतरवून, वाळूखडीतून गाळून तिच्या विहिरीत सोडले. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. आमचे छप्पर ५० चौरस मीटर. ७०० मिलिमीटर पावसात ३५,००० लिटर. जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरच्या हिशेबाने पाच माणसांना दिवसाला २७५ लिटर लागतात. थोडे वाया गेले तरी ही चार महिन्यांच्या आसपासची बेगमी.

तिची विहीर अजून पूर्वीसारखी मृगापर्यंत टिकत नाही, वैशाखापर्यंत येते. तेवढे आमचे देणे बाकी आहे. म्हणून वाचकहो, बोअर घेण्याआधी पाणाड्याला विचाराल तसे शेजाऱ्यालाही विचारा. आम्ही विचारले नव्हते. पालखीतल्या वारकऱ्याच्या पाया पडणे सोपे. तो उद्या पुढल्या मुक्कामाला जातो. शेजारी मात्र जन्मभर कुंपणापाशी उभा असतो, आणि विठोबाही तेथेच.

रामकृष्ण हरि.