दानाने हिशेब मिटतो का?

दरवर्षी सातवीच्या मुलांना आम्ही मुंबई दाखवायला नेतो. ओव्हल मैदानावर उभे राहून मुले माना वर करून राजाबाई टॉवर पाहतात. गेल्या वर्षी एकाने विचारले, ‘सर, ये किसके पैसे से बना?’ आम्ही नाव सांगितले, प्रेमचंद रायचंद. मुलाचे समाधान झाले. आमचे झाले नाही.

राणी व्हिक्टोरियाच्या राजवटीतली मुंबई कापसावर वाढली. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. मग तो मुंबईहून जाऊ लागला. भाव कडाडले. बँका निघाल्या, समुद्र हटवून जमीन काढण्याच्या कंपन्या निघाल्या. गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या काळात किल्ल्याचा तट पाडून शहर मोकळे झाले. १८६४च्या शिरगणतीत वस्ती ८ लाख १६ हजारांवर गेली. १८६५ मध्ये युद्ध संपले आणि भाव कोसळले. पेढ्या बुडाल्या, प्रेमचंदशेठही त्या तडाख्यातून सुटले नाहीत. १८७२च्या शिरगणतीत वस्ती साडेसहा लाखांच्याही खाली आली.

मात्र पडझडीपूर्वी, १८६४ मध्येच, शेठजींनी विद्यापीठाला ग्रंथालयासाठी २ लाख रुपये आणि आईच्या नावाने मनोऱ्यासाठी आणखी २ लाख देऊ केले होते. १८७८ मध्ये मनोरा पुरा झाला. आज तो जागतिक वारशात गणला जातो.

म्हणजे तिकडे लाखो माणसे मरत होती, म्हणून इकडे पैसा येत होता. शेठजींनी ते युद्ध पेटवले नव्हते, हे खरे. तरीही प्रश्न उरतो : दुसऱ्याच्या संकटातून आलेला पैसा दान केला की निर्मळ होतो का?

‘दान दिले, हिशेब मिटला,’ असे काही म्हणतील. ‘पैसा मळका, म्हणून वास्तूही मळकी,’ असे दुसरे म्हणतील. आम्हाला दोन्ही उत्तरे सोपी वाटतात. त्या ग्रंथालयात शिकलेल्या पिढ्यांचे ज्ञान खोटे नाही. पण दान आणि देणे ही दोन वेगळी खाती आहेत. एकात जमा केल्याने दुसरे फिटत नाही.

हे आम्ही दुसऱ्यांना सांगतो आहोत, असे वाचकांनी समजू नये. काही वर्षांपूर्वी एका ठेकेदाराने आमच्या शाळेला संगणक दिले. त्याच्या मजुरांची मजुरी थकली होती. आम्हाला ते ठाऊक होते, कारण त्यांचीच मुले आमच्या वर्गात होती. समारंभ झाला, हारतुरे झाले. आम्ही टाळ्या वाजवल्या.

प्रेमचंदशेठना अमेरिकेतले मृत कुठे दिसणार होते? आमच्यासमोर तर हजेरीपटावर नावे होती. देणाऱ्याने कष्टकऱ्याचे देणे आधी चुकवावे, हे खरेच. पण घेणाऱ्यानेही विचारावे, हा त्याचा धर्म आहे. देणगी घेतली म्हणून जीभ गहाण पडत नाही. आम्ही ती आपणहून गहाण ठेवली.

यंदा सहल पुन्हा ओव्हलवर जाईल. त्या प्रश्नाचे उत्तर आम्ही या वेळी पूर्ण देऊ : कापूस, युद्ध, दान, सगळे. आणि कुणी संगणकांविषयी विचारले, तर त्याचेही.